तिसरा रकाना

सृष्टी नऊ वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिला स्वमग्नता आहे हे परभणीच्या केंद्रात कळलं. तिथल्या धम्मशीला मॅडम अशा मुलांच्या वागण्याचा अभ्यास करून त्यांना शिकवायच्या. त्यांनी सृष्टीला एक पाटी करून दिली होती. पाटीवर पाणी, भाकरी, बिस्कीट, झोका अशी चित्रांची कार्डं चिकटवलेली असत. जे पाहिजे त्याचं कार्ड काढायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. कार्ड हातात पडलं की ती वस्तू त्याच क्षणाला द्यायची, असा मॅडमचा नियम होता. एकदा जरी हात रिकामा राहिला तरी लेकराचा कार्डावरचा विश्वास उडतो, असं त्या सांगायच्या.

पाटीवर शेवटचं कार्ड तिच्या आईच्या, गीताबाईच्या फोटोचं होतं. सृष्टीनं ते दिलं की गीताबाई तव्यावरची भाकरी टाकून यायची.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या पिंगळी गावाहून गाडीनं लेकीला घेऊन तीच केंद्रात जायची. सृष्टीच्या बापाचं, रामहरीचं पंक्चरचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. त्याला वाटायचं, हे बाईमाणसाचं काम आहे. केंद्राची पायरी तो कधी चढला नाही.

पौषात गीताबाईला ताप भरला आणि आठव्या दिवशी ती गेली.

तिसऱ्या दिवशी, घरात माणसं बसलेली असताना, सृष्टी पाटी घेऊन रामहरीपाशी आली. तिनं आईचं कार्ड काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. रामहरी कार्डाकडं बघत बसला. सृष्टीनं थोडा वेळ वाट बघितली, मग स्वतःचं मनगट चावलं आणि डोकं दाराच्या पत्र्यावर आपटायला लागली. चार बाया धावल्या तरी ती आवरेना. रामहरीची थोरली बहीण छबूबाई घर सांभाळायला आली होती. तिनं डब्यातलं बिस्कीट काढून पोरीच्या हातात दिलं. सृष्टी गप झाली.

पुढं तेच चालू राहिलं. पोरगी कार्ड द्यायची, छबूबाई बिस्कीट द्यायची. छबूबाई समोर नसलेल्या त्या मॅडमला टोमणे मारायची, "तुमच्या कागदानं गप बसती का ती? बिस्किटानं बसती." बिस्किटाचे पुडे रामहरीच आणून ठेवत होता.

खरं सांगायचं तर त्याला त्या कार्डाचा आधार झाला होता. दहावा, तेरावा झाला, पाहुणे गेले, गल्लीतली माणसं आपापल्या कामाला लागली. गीताबाईचं नाव कोणी काढेना. सृष्टी मात्र दिवसातून दहा-बारा वेळा आईला मागत होती. दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "माझी पोरगी बोलत न्हाई, पर आईला इसरली न्हाई."

महाशिवरात्रीनंतर सृष्टीनं भाकरी सोडली. हाताची हाडं दिसायला लागली, तेव्हा रामहरी तिला घेऊन पहिल्यांदा केंद्रात गेला. मॅडमनी त्याला तीन रकान्यांचा कागद दिला. पहिल्यात आधी काय झालं, दुसऱ्यात पोरीनं काय केलं, तिसऱ्यात नंतर काय झालं. "जे घडलं तेच लिहा, दादा. तुम्हाला काय वाटलं ते नको," त्या म्हणाल्या. सातवी शिकलेल्या रामहरीनं आठ दिवस इमानानं कागद भरला.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग कागद त्याच्याकडं फिरवून आईच्या कार्डापुढच्या तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली आणलं. बिस्कीट दिलं. बिस्कीट दिलं. बिस्कीट दिलं.

रामहरीला काही कळेना. मॅडमनी आवाज खाली घेतला. "दादा, ती बिस्कीट मागतीये."

"बिस्किटाचं कार्ड हाय की तिच्याकडं."

"ते दिलं तर छबूबाई म्हणतात आत्ताच खाल्लं, तुम्हीच लिहिलंय. आईचं दिलं तर कोणी नाही म्हणत नाही."

रामहरी म्हणाला, असं होणार नाही, तिचा जीव आईत आहे. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी ताटलीत भरपूर बिस्किटं काढली, सृष्टीपुढं ठेवली आणि पाटी तिच्या हाताजवळ ठेवली. पोट भरल्यावरही तिनं आईचं कार्ड दिलं तर माझं चुकलं, असं म्हणाल्या.

सृष्टीनं बिस्किटं खाल्ली. मग ताटली सरकवली आणि खिडकीच्या गजावरून बोट फिरवत बसली. रामहरी तिच्यासमोर हात उघडा ठेवून बसला होता. अर्धा तास गेला. एक तास गेला. बाहेर दुसऱ्या पोरांची जाण्याची वेळ झाली. पाटीकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

"इसरली म्हणायची," तो म्हणाला.

"ते मला नाही सांगता येत. तिच्या मनात काय आहे हे बघायचा रस्ता माझ्याकडं नाही. कार्डाचा अर्थ बदललाय, एवढं दिसतं." मग त्या म्हणाल्या, "ते कार्ड काढावं लागेल. नाहीतर ती भाकरीवर येणार नाही."

त्यांनी कपाटातून गीताबाईनं भरलेले जुने कागद काढले. कार्ड दिल्यावर गीताबाई काय करायची, ते तिसऱ्या रकान्यात तिच्या अक्षरात होतं. दोन्ही दंड घट्ट दाबले, वीस मोजले. पानोपानी तेच. आपल्या घरात रोज होणारी ही गोष्ट रामहरीला ठाऊक नव्हती.

"हे तुम्ही करू शकता. तिला लगेच आवडेल असं नाही," मॅडम म्हणाल्या.

रामहरीनं पाटीवरून कार्ड सोडवलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

परभणीच्या फलाटावर गाडीला उशीर होता. सृष्टीनं पिशवीतून पाटी काढली, कार्डाच्या मोकळ्या जागेवर नख घासलं आणि मग बापाच्या खिशावर हात मारायला लागली. पिशवीत अर्धा पुडा होता. रामहरीनं तो काढला नाही. तिनं मनगट चावलं, फरशीवर डोकं आपटायला गेली. लोक जमले. एक म्हातारी म्हणाली, "द्या की बाबा काय मागती ते." रामहरी खाली बसला, लेकीचे दंड धरले आणि दाबून मोजायला लागला. सातावर तिनं झटका देऊन स्वतःला सोडवलं आणि त्याच्या हाताला कडकडून चावली.

गाडी आली. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात ती रडून रडून झोपली. रामहरीनं मांडीवर कागद घेतला. पहिल्या रकान्यात लिहिलं, आईचं कार्ड काढलं. दुसऱ्यात लिहिलं, पोरगी चावली. तिसऱ्यापाशी तो बराच वेळ थांबला. मग लिहिलं, काही दिलं नाही.