कुस्कोची भिंत

"पाकी!" असं ओरडत पहिली लाथ बरगडीत बसली, तेव्हा हाईम चेऊलकरांनी झांजांची पिशवी पोटाशी कवटाळली.

"आय ॲम अ ज्यू!" ते खाली पडल्या पडल्या ओरडले. मग लाथांचा जोर वाढला. शेवटचा बूट तोंडावर आला.

शनिवारचा शब्बाथ उतरला होता. लंडनजवळच्या इल्फर्डच्या हॉलमध्ये मराठी ज्यू मंडळी कीर्तनाला जमली होती. तोंडाला रक्ताळलेला रुमाल लावून हाईम दारात उभे राहिले, तशी त्यांची बायको रोझी धावली.

"अगं बाई! कुणी हो?"

"पोरं होती. पाकिस्तानी नाही, ज्यू आहे म्हटलं, तर डबल मारलं."

"गप्प राहायचं सोडून तिथेही निरूपण!" ती रडत रडत त्यांचा कोट झटकू लागली.

पेटीवरचे जोशुआकाका उठले. आजचं आख्यान त्यांच्या मनात नव्हतंच. हाईम म्युझियममध्ये राखणदार, नेमणूक पेरू देशाच्या दालनात. कुस्को शहराच्या चित्रासमोर उभ्या उभ्याच त्यांनी ते रचलं होतं. "सूर्याच्या देवळाची कथा आपल्यात? मोशेची लाव," काका म्हणाले होते. मग कसेबसे 'एकदाच' म्हणून कबूल झाले.

"हाईम, राहू दे आता. हॉस्पिटलला चल."

"काका, आज राहिलं तर पुन्हा लावू द्याल?"

काकांनी नजर पेटीकडे वळवली.

"मग सूर द्या."

चुन्यावाचून सांधला दगड, सांधा तुझा रे देवा. हाईमनी ध्रुपद उचललं. वरच्या दातांच्या जागी नुसती हवा फुसफुसत होती, पण सूर ढळला नाही. स्पॅनिश आले. त्यांनी सूर्याचं देऊळ लुटलं आणि त्याच भिंतींवर चर्च चढवलं. पुढे बंड झालं, मोडलं. भर चौकात बंडाच्या सरदाराच्या डोळ्यांदेखत त्याची बायको मारली, थोरला मुलगा मारला. त्याची जीभ कापली. हातापायांना घोडे बांधून चार दिशांना हाकले. देह फाटेना, तेव्हा मान तोडली.

हाईमच्या हनुवटीवरून रक्त शर्टावर ठिबकत होतं. चेपलेली झांज बद्द वाजत होती.

"आणि मंडळी, आपल्याच काळात, पन्नास साली, तिथली धरणी हलली. वरचं चर्च ढासळलं. आणि खाली?"

ते थांबले. त्यांनी रुमाल उलगडून पुढे धरला.

"वरचे पडले." मग ओठ खाली ओढून बोटानं टकटक केलं. "खालचे आहेत!"

हसावं की नाही, कुणाला कळेना. आधी रोझीच हसली, आणि तिनं पदर तोंडात कोंबला. हाईमना पुढे गाता येईना. तेव्हा पेटीवरून जाड्याभरड्या आवाजात ध्रुपद आलं. जोशुआकाका गात होते. मागोमाग सगळा हॉल.

कीर्तन संपल्यावर काका हातबोशीला पुढे आले. हाईमचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले, मग रिवाजाप्रमाणे आपलीच बोटं ओठांना लावली. ओठांना रक्त लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.