गुण्यात बसलेली मान

मित्रांनो, मी भिंगारची एक जुनी गिटार आहे आणि पक्की जळकुकडी आहे. कुणावर जळते, ते सांगते. सांगताना थोडं वाढेल, तेवढं पोटात घाला.

मला गोरक्षनाथ मिस्त्रींनी १९९४ साली घडवलं. त्याआधी त्यांनी फक्त पलंग आणि दारांच्या चौकटी केल्या होत्या. त्यांची चौकट एकदा बसली, की भूकंपसुद्धा दार वाजवून परत जायचा. ही सारी त्यांच्या गुण्याची, म्हणजे काटकोन मापायच्या हत्याराची करामत. शेजारच्या सुमनबाईंच्या प्रज्ञाने गिटार मागितली, तेव्हा त्यांनी माझी मानही गुण्या लावूनच पोटाला जोडली.

"बघ पोरी, केसाचा फरक न्हाई!"

तिथंच घोटाळा झाला. गिटारची मान किंचित मागे कललेली लागते. मानेवर सरळ पट्टी ठेवली, की तिचं टोक घोडीच्या, म्हणजे पोटावर तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, माथ्याला निसटतं लागावं. माझ्यावर ठेवलेली पट्टी घोडीच्या पोटात ढुशी द्यायची. त्यामुळे तारा इतक्या उंच राहिल्या, की खालून उंदरांची वरात गेली. नवरदेव घोड्यावर होता, तरी त्याचा फेटा तारेला लागला नाही. मी स्वतः पाहिलंय.

प्रज्ञाला भीमजयंतीला मला वाजवायचं होतं. तारा दाबून दाबून तिच्या बोटांना फोड आले.

"गोरक्षभाऊ, गिटार केली का विळी?" सुमनबाईंनी विचारलं.

"लाकूडच लई आडमुठं निघालं, सुमनताई."

माझं लाकूड! आडमुठं!

मग मिस्त्रींनी दुसरी गिटार केली. तिची मान मात्र पट्टी ठेवून, कागदाएवढं लाकूड तासून, पुन्हा पट्टी ठेवून, तीन दिवस बसवली.

"काका, हे तर लोण्यावर बोट ठेवल्यागत वाटतंय!" प्रज्ञा म्हणाली.

लोणी! जयंतीला ती धाकटी स्टेजवर गेली आणि मी मिस्त्रींच्या दुकानात खिळ्यावर. टाळ्या ऐकून मी इतकी फुगले, की भिंतीला तडा गेला. 'वाईट गिटार' म्हटलं, की लोक माझ्याकडे बोट दाखवत. दोन वर्षं मी धाकटीला वाळवी लागो, अशी इच्छा धरली. वाळवी आलीही, पण चुकून माझ्याकडे. एक घास घेतला आणि मी कडू लागले म्हणून निघून गेली.

तिसऱ्या वर्षी प्रज्ञाच्या भावाला, योगेशला, तिच्यासोबत वाजवायचं होतं. दुसरी गिटार हवी होती. प्रज्ञाने मला खाली काढलं, मानेवर पट्टी ठेवली आणि मिस्त्रींकडे पाहिलं.

"काका, लाकूड बरं आहे. मान बसवायची चुकलीय."

दुकानात काष्टी गावचे दोन पाहुणे चौकट सांगायला आले होते. त्यांच्यादेखत!

"गुण्यात बसवलीय मी," मिस्त्री म्हणाले.

"म्हणूनच."

मी तारा रोखून धरल्या. आता मिस्त्री 'लाकूड' म्हणाले, की माझा जन्म खिळ्यावरच जाणार होता. त्यांनी गुण्या उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"खरं हाय पोरी. चूक माझी, हिची न्हाई. दोन वर्सं उगाच हिच्यावर ढकलली."

सुमनबाईंच्या किटलीची वाफ देऊन त्यांनी सांध्यातला चिकटवायचा सरस सैल केला, मान उपसली आणि तिच्या बुडाचं लाकूड जरा जरा तासलं. कल किती हवा, हे पाहायला शेजारी कुणाला ठेवलं? धाकटीला! माझं माप तिच्यावरून! अंगाचा नुसता भडका उडाला. पण मान पुन्हा चिकटवताना ती हलू दिली नाही.

जयंतीला प्रज्ञाने स्वतःच्या हाताने मला उचललं. धाकटी योगेशकडे गेली. स्टेजवर मी तिरक्या नजरेने पाहिलं, तर तिचं पॉलिश जरा उतरलेलं दिसलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तुमच्या घरातली एखादी वस्तू नीट चालत नसेल, तर तिला नावं ठेवून अडगळीत टाकू नका. तिची जोडणी उघडून पाहा. आणि चूक आपलीच निघाली, तर तिच्यासमोर मोठ्याने म्हणा. आम्हाला ऐकू येतं.