पानावरचं बोट

कोलशेतच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंतचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. नियम एकच. वाचणारी मध्येच उठली, की शेजारची पुढे वाचणार आणि उठलेलीला त्या दिवशी पान परत नाही. म्हणून शेजारची आपल्या प्रतीत ओळीवर बोट ठेवूनच बसे. रमाबाईंच्या शेजारी बसे वैशाली.

त्या बोटाचा रमाबाईंना भारी राग. पन्नाशी उलटल्यावर त्या अक्षरं शिकल्या होत्या. एकेक ओळ कमावलेली. पण दहा मिनिटं झाली, की लघवीची अशी घाई व्हायची, की पदर सावरत धावावंच लागे. परत येईपर्यंत वैशाली दोन पानं पुढे. आवाज कसा, तर सोडलेल्या नळासारखा. बाया माना डोलवायच्या आणि रमाबाईंचा जळफळाट व्हायचा.

विहाराचे अध्यक्ष सीताराम एकदा म्हणाले, "समारोपाचं प्रकरण यंदा वैशालीकडे देऊ. पाहुणे येतात, मध्ये उठलेलं बरं दिसत नाही."

"पौर्णिमेला दोन महिने आहेत अजून," रमाबाई ताडकन म्हणाल्या. "तोवर पाऊण तास बसून दाखवलं तर?"

"दाखवा, प्रकरण तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारनंतर पाणीच तोडलं. घाई उलट वाढली.

त्याच आठवड्यात विहारात आरोग्य शिबिर झालं. डॉक्टरीणबाईंनी वैशालीच्या कमरेला टेप लावला. शहात्तर सेंटिमीटर. रमाबाईंचा घेर एकशे चार.

"मावशी, लघवीला किती वेळा जाता?"

"मोजायला वेळ कुठे मिळतो?"

डॉक्टरीण हसल्या. "पोटावरची चरबी लघवीच्या पिशवीवर दाब देते. घेर उतरला, की बऱ्याच जणींना फरक पडतो. आणि पाणी तोडू नका. लघवी दाट झाली, की पिशवी आणखी चिडते. घाई आली, की लगेच धावायचं नाही. आधी दोन मिनिटं थांबा, मग चार."

रमाबाईंना घड्याळ कशाला हवं? घाई आली, की त्या एक परिच्छेद वाचायच्या आणि मग उठायच्या. पुढे दोन परिच्छेद. मग पान. पहाटे खाडीच्या रस्त्याने चालायचं, ताटात दुसऱ्यांदा भात घ्यायचा नाही. पाय दुखले, की डोळ्यांपुढे ते शहात्तर आणायचं. पाय आपोआप उचलले जायचे.

आश्विनात टेप नव्याण्णव दाखवू लागला आणि सीतारामांसमोर पाऊण तासही पार पडला.

समारोपाला विहार भरलेला. शेवटून तिसऱ्या पानावर कळ आली. रमाबाईंनी मांड्या आवळल्या. शेजारी वैशालीचं बोट त्याच ओळीवर. बस तशीच, त्या मनात म्हणाल्या, आज एक अक्षर देत नाही तुला. पान उलटताना पाहिलं, तर बोट नव्हतं. वैशालीही नव्हती. जळली वाटतं! रमाबाईंचा आवाज खणखणीत झाला.

शेवटची ओळ संपली. 'साधु, साधु, साधु' झालं. पाहुणे फुलं घेऊन पुढे आले, तोवर रमाबाई मागच्या मोरीकडे निघालेल्या. दाराला आतून कडी.

"कोण आहे गं?"

"मी, वैशाली. थांबा ना ताई जरा."

"तुला काय झालं?"

"तुमचंच दुखणं. दोन वर्षं झाली. वाचनाच्या दिवसांत सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही मी, म्हणून निभतं. आज पाहुण्यांबरोबर सरबत प्यायले."

"अगं, पण तुझा घेर शहात्तर!"

"बारीक माणसाला पिशवी नसते होय? शिबिरात लाज वाटली सांगायची. ताई, तुम्ही काय केलंत हो? सांगाल मला?"

रमाबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

"सगळं सांगते. पाण्यापासून सांगते. आधी कडी काढ, बये!"

दार उघडलं. वैशाली ओशाळी होऊन बाजूला झाली. तिला ओलांडून आत शिरताना रमाबाईंची नजर तिच्या कमरेवर गेलीच. शहात्तर ते शहात्तरच, मेलीचं.