कानातल्या बिया आणि जाऊबाईंच्या सुया

थोरल्या जाऊबाईंना झोप यायला लागली आणि माझी उरलीसुरली झोपही उडाली.

झोप न लागण्याची तक्रार दोघींचीही होती. त्या सुयावाल्या डॉक्टरांकडे जायच्या. मनगटात, घोट्याशी, टाळूवर बारीक सुया टोचून घ्यायच्या आणि बराच वेळ निपचित पडून राहायचं. मी जायची कानवालीकडे. ती कानावर नेमक्या जागी चिकटपट्टीने मोहरीएवढ्या बिया लावते, घरी आपण त्या दाबत राहायच्या. काम झटपट होतं आणि मुख्य म्हणजे बाळाला कुणाकडे सोपवावं लागत नाही.

"थोरलीचा चेहरा बघ कसा टवटवीत झालाय," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर तू! सोड बाई ते कानाचं खूळ."

"चल की माझ्याबरोबर," जाऊबाई म्हणाल्या. "बाळाला मी धरते."

त्या अगदी मनापासून म्हणाल्या, हेच मला झोंबलं. गेले मात्र.

डॉक्टरांनी माझे केस मागे सारले. "या बिया काढू का? दोन्ही एकदम चालू ठेवलं तर गुण कशाचा आला ते कळायचं नाही."

"राहू द्या."

झोप लागलीच, तर श्रेय कानवालीला द्यायची सोय हवी होती मला.

सुया लागल्या. दुखलं नाही. "हात हलवायचा नाही," असं बजावून ते पडद्यापलीकडे गेले. अंग सैलावत होतं, डोळे जड होत होते, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात बाहेर बाळ रडलं.

"अगं बाई, कोण रडतंय? आमचा राजा?" जाऊबाईंचा आवाज. मग त्यांचं ते गुणगुणणं. बाळ गप्प झालं.

इतक्या लवकर? माझ्याकडे तर तासभर खांदा ओला करतो! रड की रे अजून थोडा, मी मनात म्हणत होते. ऐकायला येईना म्हणून जिवाचा कान केला. मग जीव कासावीस झाला आणि सवयीने हात कानातली बी दाबायला गेला. मनगटातून अशी कळ गेली की मी ओरडलेच.

डॉक्टरांनी धावत येऊन सुया काढल्या. "ताई, झोपायला आलात की पहाऱ्यावर?"

मी बाहेर आले. बाळ जाऊबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

"तू का उठलीस गं?" त्या कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"द्या इकडे."

"अगं, उठेल तो."

"उठू दे."

मी घेतला, तो उठला आणि त्याने भोकाड पसरलं. बसलेली माणसं बघायला लागली. जाऊबाईंचे हात अजून तसेच पुढे होते. मी पाठ फिरवली.

"पुढच्या वेळी त्याला घरीच ठेवू या आईंजवळ," त्या म्हणाल्या. "मग तुला नीट पडता येईल."

"नको ताई," त्याच्या रडण्यावर आवाज चढवून मी म्हटलं, "मला आपली कानवालीच बरी."