सहा देश फिरलेला कुकर

मी कुकर बोलतोय. ओरडत नाहीये, बोलतोय. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मी ओरडलो की माणसं ऐकत नाहीत, नुसती मोजतात. एक झाली, दोन झाल्या, तिसरीला गॅस बंद. आत हा एवढा का तापलाय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

बारा लिटरचा आहे मी, अॅल्युमिनियमचा. उजव्या कुशीत पोचा आहे, तो विमानतळावरच्या पट्ट्यावरून पडल्याचा. पासपोर्ट नाही, पण आशिया खंडातले सहा देश फिरलोय. श्रीलंका, व्हिएतनाम, इंडोनेशिया, उझबेकिस्तान, जपान, कंबोडिया. काय पाहिलंस, असं विचाराल तर सांगतो: फरशा. समरकंदला म्हणे निळे घुमट आहेत, बघणाऱ्याची मान दुखते पण मन भरत नाही. माझं समरकंद म्हणजे हॉटेलच्या मागचं स्वयंपाकघर आणि एक गळका नळ. क्योतोत तर शेगडीने मला ओळखच दाखवली नाही. ती विजेवरची होती, तिला लोखंडी बुडाची भांडी लागतात. दिग्विजयने कुठून तरी गॅसची छोटी शेगडी पैदा केली आणि त्या देशातही वरणभात झालाच.

दिग्विजय म्हणजे आमचा टूरवाला. चिंचवडला त्याचं ऑफिस आहे. पण त्याच्या आधीची गोष्ट इंदुताईंची.

इंदुताईंनी मला भोसरीच्या दुकानातून आणलं तेव्हा त्या चिखलीत मेस चालवायच्या. कंपन्यांमधली वीस-बावीस पोरं जेवायला असायची, कुणी फर्स्ट शिफ्टचं, कुणी सेकंडचं. ताईंचं माहेर-सासर दोन्ही चाकणच्या बाजूचं. त्यांचे मालक ज्योतीराम तिकडेच एका फोर्जिंग कंपनीत होते, आता गुडघ्यांमुळे घरी असतात. ते दिवस बरे होते. मी शिट्टी दिली की पोरं ताटं घेऊन धावत यायची. त्या पोरांतच दिग्विजय होता. नोकरी सोडून त्याने सहली काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच सहलीत त्याच्या ध्यानात आलं की आपली माणसं जग बघायला निघतात, पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांना वरणभात आठवायला लागतो. तो थेट मेसवर आला.

"ताई, चला माझ्याबरोबर. स्वयंपाक तुम्ही करा, जग मी दाखवतो."

स्वयंपाक ताईंनी केला. दिग्विजयच्या मनात खोट नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन. पण गणितच असं होतं की पाहुणे देवळं बघायला निघाले की आमची कणीक मळायची वेळ, आणि ते परत आले की आमची वाढायची वेळ. मग जेवताना त्यांच्या गप्पा सुरू. काय ते कोरीवकाम! काय तो जिना! ताई वाढता वाढता कान देऊन ऐकायच्या. "आन् मंग वर काय हाय?" असं हळूच विचारायच्या. कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं, "ताई, आधी जरा आमटी."

मला काय वाटायचं? संताप यायचा. आणि संताप आला की माझं काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. तीन शिट्ट्या, गॅस बंद.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कंबोडियाला गेलो. अंगकोरची देवळं बघायला. विमानतळावर तपासणीच्या तिघांनी माझी शिट्टी काढून उलटसुलट पाहिली, आतल्या गोड्या मसाल्याचा वास घेतला आणि हात जोडल्यासारखं करून सोडून दिलं. तिथे पोचल्यावर मात्र नवल घडलं. देवळांचा पास काढताना प्रत्येकाचा फोटो घेतात आणि पासावर छापतात. दिग्विजयने ताईंनाही रांगेत उभं केलं.

"या वेळी तुमचाही काढतोय. तीन दिवसांचा. एक दिवस तरी यायचंच."

ताईंनी पदर सारखा केला आणि फोटोत हसल्या. रात्री तो पास त्यांनी माझ्या झाकणावर ठेवला, जवळून पाहिला, मग लांब धरून पाहिला.

पहिल्या दिवशी एकाचं पोट बिघडलं. मऊ खिचडी हवी होती, ताई थांबल्या. दुसऱ्या दिवशी ठरलं की दुपारचं जेवण गरमच हवं, थंड डबे नकोत. ताई थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्या ऐकायला तयार नव्हत्या. उजाडायच्या आत सगळा स्वयंपाक उरकला. भाजीचे डबे भरले, भात माझ्यातच ठेवून मला टॉवेलात गुंडाळलं आणि बसमध्ये खिडकीपाशी जाऊन बसल्या. अंगावर इरकल, गळ्यात पास. मी त्यांच्या पायाशी. एरवी मी सामानाच्या कप्प्यात, बसच्या पोटात असतो. त्या दिवशी टॉवेलाच्या फटीतून मला रस्ता दिसत होता. नारळाची झाडं दिसत होती. मलाही वाटलं की आज आपलं काम झालं.

तेवढ्यात अनिता मॅडम चढल्या. ताथवड्याच्या कॉलेजात शिकवतात, स्वभावाने चांगल्या आहेत. शेजारच्या सीटवर बसून म्हणाल्या, "ताई, आज मुरारीकाकांची साठी आहे हो. मघाशी कळलं. संध्याकाळी पुरणपोळी असती ना, तर काय मजा आली असती!" आणि मग ताईंच्या गळ्यातला पास पाहून म्हणाल्या, "पण राहू दे. तुम्ही निघालात."

राहू दे! हे असं राहू दे म्हणायचं की समोरच्याला राहू देताच येऊ नये. मागच्या सीटवरून मुरारीकाका म्हणाले, "नको नको, माझ्यासाठी काही नको," आणि कान मात्र इकडेच. बसमधलं कुणीही "ताई, बसा" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. सव्वीस माणसं होती. एकानेही म्हटलं नाही. दिग्विजय खाली ड्रायव्हरशी बोलत होता.

ताई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग उठल्या. "डाळ हाय माझ्यापाशी. व्हईल की."

माझ्यातला भात दुसऱ्या डब्यात काढला आणि मला कडेवर घेऊन त्या उतरल्या. दिग्विजय "अहो ताई, अहो ताई" करत राहिला. बस गेली. आम्ही त्या धुरात उभे.

त्या दिवशी हरभऱ्याची डाळ माझ्यात शिजली. मी इतका ओरडलो की हॉटेलातली एक मुलगी घाबरून दाराबाहेर गेली. ताईंनी मोजल्या. चार.

संध्याकाळी सगळे तुपाच्या बोटांनी वाहवा करत होते. मुरारीकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंचा पोळीच्या ताटासकट फोटो निघाला, मागे मीही आहे. अनिता मॅडमनी फोनवर देऊळ दाखवलं. "ताई, पुढच्या वेळी नक्की हं." ताई म्हणाल्या, "छान हाय."

यात वाईट कुणीच नाही, हीच तर माझी चिडचिड आहे. वाईट माणसावर निदान नीट रागावता येतं.

चिखलीला परतल्यावर शेजारच्या अंबूबाई आल्या. "काय काय पाह्यलंस गं?" आणि ताईंनी सगळं सांगितलं. पाच कळस, तळ्यात त्यांची पडछाया, भिंतभर कोरलेलं समुद्रमंथन, दोरीसारखा धरलेला नाग, देवळाच्या छपरावर पाय सोडून बसलेली झाडं. दारावरचा माणूस पासाला कसं टिचकन भोक पाडतो, तेसुद्धा. एकही चूक नाही. जेवणाच्या पंगतीत ऐकलेलं सगळं पाठ होतं. अंबूबाईंनी हात जोडले. खरं फक्त मला ठाऊक होतं, आणि मी फळीवर गप्प.

चार दिवसांनी ज्योतीरामना तांदळाच्या डब्यात तो पास सापडला. खिडकीपाशी नेऊन त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"अगं, भोक पाडत्यात म्हनलीस. ह्याला तर भोकच न्हाई."

ताई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "न्हाई."

ज्योतीरामनी पास होता तिथेच ठेवला आणि ते ताईंच्या शेजारी बसून खडे वेचू लागले.

आज पुन्हा बॅग भरली जातेय. परवा तोच कंबोडिया, तेच हॉटेल, चोवीस माणसं. ताईंनी मला चिंचेने घासून लख्ख केलं, आत मसाल्याच्या पुड्या ठेवल्या, नवी रबरी रिंग बसवली. मग माझी शिट्टी काढली. हातात घेऊन क्षणभर पाहिली, फळीवर ठेवली आणि वर वाटी उपडी घातली. मला टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवलं.

ज्योतीराम म्हणाले, "अगं, शिट्टी ऱ्हायली की."

ताई म्हणाल्या, "राहू दे."

बॅगेची चेन लागली. आता मी अंधारातून बोलतोय, आणि माझ्याजवळ ओरडायला काहीही नाही. शिट्टीवाचून माझ्यात वाफ धरत नाही, म्हणजे काही शिजायचंही नाही. भात साध्या पातेल्यातही होतो, हे मला ठाऊक आहे. ताईंनाही ठाऊक आहे. आणि मागितलं तर त्या करतील, तीच धास्ती आहे. म्हणून त्या चोवीस जणांत तुम्ही असाल तर ऐका. एक दिवस तिथल्या बाईने रांधलेला भात खा, बरा असतो म्हणतात. ताई खिडकीपाशी बसलेल्या दिसतील. त्यांच्याशी देवळाबद्दल बोला, हवेबद्दल बोला, पण जेवायला काय, एवढं विचारू नका. आणि बस सुटेपर्यंत निदान एकाने तरी म्हणा, "ताई, बसा."