थांबायचं कुणी ठरवलं?

बाईंच्या स्मृतिसभेला तासभर उरला होता आणि चित्रकाराचा जीव टांगणीला लागला होता. बाई त्याच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक. कॉम्प्युटर खरंच चित्र काढतो का, यंत्राला बुद्धी आहे म्हणजे नेमकं काय आहे, असले प्रश्न विचारून त्यांनी अख्ख्या पिढीच्या कलावंतांची आणि प्रोग्रॅमरांची झोप उडवली होती. त्यातला पहिला बळी हाच. त्याने कागदावर पेन फिरवणारा यंत्राचा हात बनवला होता, आणि त्याचं प्रत्येक नवं चित्र घेऊन तो बाईंकडे जायचा. बाई आधी चहा द्यायच्या, मग चित्राची चिरफाड करायच्या. तो तोंड पाडून घरी यायचा, प्रोग्रॅम बदलायचा आणि पुन्हा हजर व्हायचा.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "चित्र पूर्ण झालं हे कोण ठरवतं?"

"मीच. बटण दाबून थांबवतो."

"मग चित्र तुझंच की! त्या बिचाऱ्याला कशाला मध्ये घेतोस?"

त्यानंतर बाई गेल्या. चित्रकाराने वर्षभर डोकं खाजवलं आणि यंत्राला नवी सोय करून दिली: कॅमेऱ्यातून आपलंच चित्र बघायचं, पुरे वाटलं की आपणच थांबायचं. आज ते लोकांसमोर पहिल्यांदा चालणार होतं. पण ऐनवेळी गड्याने कच खाल्ली. भर सभेत फजिती झाली तर बाईंचं नाव खराब होईल, अशी स्वतःची समजूत घालून त्याने गुपचूप बाईंचा फोटो यंत्रात भरला. आता हात नुसता तो फोटो गिरवणार होता.

तो एकदा चालवून बघत असतानाच बाईंची धाकटी बहीण आली. ही दातांची डॉक्टर, बाईंचे सगळे विद्यार्थी तिला मावशी म्हणत.

"नाक हुबेहूब आलंय," ती वाकून म्हणाली. "ताईला ते कधीच आवडलं नाही, ते सोड. पण हे काढतंय की उतरवतंय?"

चित्रकाराने घाईघाईने यंत्र बंद केलं.

"अरे, जन्मभर तिने तुला कॉपी करू दिली नाही. आणि आता ती नाही म्हटल्यावर तिचीच कॉपी?"

"फसलं तर, मावशी?"

"फसलं तर फसलं. लोक माझ्या खुर्चीत बसून बोंबलायचे, म्हणून मी काय दात काढायचं सोडलं?"

त्याने मुकाट्याने फोटो काढून टाकला.

सभागृह खच्चून भरलं. हात हलला. एक लांब वळणदार रेघ आली, कोपऱ्यात चार-दोन फटकारे आले, मग एक रेघ कागदाच्या मध्यापर्यंत गेली आणि पेन उचललं गेलं. बाकी कागद कोरा. कुणीतरी खोकलं. अध्यक्ष कुजबुजले, "बिघडलं वाटतं. करा परत चालू."

चित्रकाराचा हात बटणाकडे गेला. बिघाड असता तर लाल दिवा लागला असता, आणि दिवा लागला नव्हता. त्याने हात मागे घेऊन सरळ खिशात घातला.

"चित्र झालंय," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?" मागून आवाज आला.

"त्यानेच ठरवलं."

झालं! "अर्धवट आहे हो हे!" "अर्धवट कशावरून?" "पुरे वाटायला त्याला मन आहे का?" एक शिल्पकार आणि गणिताच्या एक प्राध्यापक हमरीतुमरीवर आले. अध्यक्षांचं भाषण खिशातच राहिलं आणि खरं सांगायचं तर कुणाचंच त्यावाचून अडलं नाही.

"ताईच्या घरी बसल्यासारखं वाटतंय," मावशी डोळे पुसत हसली.

चित्रकाराची छाती फुगली. "मिळालं बाबा एकदाचं बाईंना उत्तर!"

"कसलं उत्तर? पुरे कधी म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं? तूच ना?"

वर्षभरात त्याला कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं आणि हसूही आवरेना.

"उद्या चहाला येऊ, मावशी?"

"ये. पण प्रोग्रॅम बदलून ये."