सात नंबरच्या वर्गातलं बटण

वर्गातलं वायफाय बंद करायचं बटण प्राध्यापकांच्या फोनवर द्यायचं, असं कॉलेजच्या शिस्त समितीने ठरवलं. माकडाच्या हाती कोलीत, हे नेटवाल्या बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी अजून कायम व्हायची होती. म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं, की सात आणि आठ नंबरच्या वर्गांना मिळून मधल्या भिंतीवर एकच यंत्र आहे. एकात बंद केलं की दोन्हीकडे बंद.

"बाई, तुम्ही बटण द्या. भिंतीचं आम्ही बघतो," समितीचे अध्यक्ष, म्हणजे इतिहासाचे सर, म्हणाले. बाकीचे हसले.

सर सात नंबरात शिकवत, म्हणजे वीस वर्षांपूर्वीची वही वाचून दाखवत. पोरं कंटाळून फोनमध्ये डोकं घालत. नाचता येईना अंगण वाकडं. सरांच्या मते सगळा दोष वायफायचा. आता ते वर्गात शिरले की आधी ऐटीत बटण दाबत, मग वही उघडत. पोरं निमूट आपापल्या फोनचं इंटरनेट चालू करत. "बघा, किती एकाग्र झालेत!" सर स्टाफरूममध्ये सांगत सुटले.

मग आठ नंबरात वार्षिक परीक्षा लागली, ऑनलाइन. तीस मुलं, त्यात बाईंची भाची. नियम कडक होता: कनेक्शन तीनदा तुटलं की पेपर बंद आणि कपाळी कॉपीचा शिक्का, म्हणजे वर्ष बुडालं. परीक्षेच्या सूचनेवर सही सरांचीच होती. वाचून सही करायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशीही त्यांनी बटण दाबलं.

बाईंनी आपल्या टेबलावरून वायफाय चालू केलं. सरांच्या फोनवर बटण हिरवं झालेलं दिसलं. त्यांनी ते दाबलं. बाईंनी पुन्हा चालू केलं, सरांनी पुन्हा बंद. "बघतेच आता!" म्हणत बाईंनी सरांचं नावच बटणवाल्यांच्या यादीतून उडवलं आणि तिसऱ्यांदा चालू केलं. तोवर तीसही पेपर बंद पडले होते.

नुसतं बंद राहिलं असतं तर परीक्षा पुढे ढकलली गेली असती. तीनचा आकडा पुरा झाला तो बाईंच्या हट्टापायी. हे उमगलं तेव्हा त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तीस जण शिस्त समितीपुढे उभे राहिले. बाई आणि प्राचार्यही हजर होते. सर मोठ्या मनाने म्हणाले, "पहिलीच चूक आहे. प्रत्येकाने कॉपीबद्दल माफीपत्र लिहा. नोंद राहील, पण वर्ष वाचेल."

भाचीने रडवेल्या तोंडाने विचारलं, "मावशी, मी कशाची माफी मागू?"

बाईंनी यंत्राची नोंद छापून आणली होती. ती त्यांनी प्राचार्यांपुढे ठेवली. तीनदा बंद, नाव सरांचं. तीनदा चालू, नाव त्यांचं स्वतःचं. प्राचार्यांनी ती दोनदा वाचली.

"माफीपत्रं तीस नाही, दोनच लागतील," बाई म्हणाल्या. भाचीसमोरचा कोरा कागद ओढून त्यांनी उभ्याउभ्याच आपलं माफीपत्र लिहिलं, खाली सही केली आणि दुसरा कागद सरांपुढे सरकवला.

सर खिसे चाचपून पेन शोधू लागले. पेन त्यांच्या हातातच होतं.